पाच फूट दहा

पुराचं पाणी उतरलं
तेव्हा रमणमळ्यातल्या आमच्या घरात
गुडघाभर चिखल होता, न्हाणीत एक खेकडा होता,
आणि दोन बागांमधली भिंत नव्हती.
अकरा फूट. वाटणीच्या वर्षी बांधलेली.
विटांचा हिशेब अजून ह्यांच्या डायरीत आहे.

ह्यांनी गवंडी बघितला.
पलीकडे दिरांनीही. वेगळा.
दोन्ही गवंडी एकाच खिंडारापाशी भेटले,
तंबाखू मळली,
"पाया कुणाच्या हद्दीत, मालक?" विचारून गेले
ते परत आलेच नाहीत.

मी रिक्षा करून उद्यमनगरात गेले.
दस्तगीर शिकलगारांच्या शेडमध्ये
ठिणग्या थांबेपर्यंत उभी राहिले.
म्हटलं, कमान पाहिजे. बागेत. वेल चढवायचाय.
"गेट लावायचं?"
गेट नको.
"मग कमान कशाला, वैनी?"
मी गप्प. त्यांनीच चष्मा कपाळावर सरकवला,
"बरं. असू दे."

खडूनं फरशीवर गोलाई काढली,
पुसली, पुन्हा काढली.
दीड इंची पाइप, चार उभे,
दोन इकडच्या मातीत, दोन तिकडच्या,
मध्ये सळया, वर रेड ऑक्साइडचे दोन हात.
"घरात सगळ्यात उंच कोण?"
दोघं भाऊ. सहा फूट एक.
"मग सात धरू. वाकायला लागू नये माणसाला."
मी म्हटलं, पाच दहा.

शिकलगारांनी टेप तसाच ताणून धरला.
मग सोडला, तो सर्रकन आत गेला.
वहीत लिहिलं: ५ फू. १० इं.
हसू नका, म्हटलं.
"हसलो कुठं."

बसवायच्या दिवशी हे बँकेत, दीर कागलला.
सिमेंट कालवायला पाणी पलीकडून आलं;
शालननं, माझ्या जावेनं, बादली ठेवली
आणि एवढंच विचारलं, "किती झाले?"
दुसऱ्या दिवशी दगडाखाली
निम्मे पैसे होते. वरच्या सुट्ट्यांसकट.

कमान चार फुटांची. उरलेल्या सातात कोयनेल.
माझ्या अंगाला जुई.
तिच्या अंगाला मला कृष्णकमळ हवं होतं,
तिनं घोसाळी लावली.
घोसाळीला घाई फार. पुढच्या श्रावणात
जुईला खांद्यावर घेऊन तिनं शेंडा ओलांडला
आणि एक घोसाळं आमच्या बाजूला लोंबायला लागलं.
ते कुणाचं, हा विषय
चार दिवस चहाबरोबर चालला.
पाचव्या दिवशी मी त्याची भजी केली.
हे दोन जास्तच जेवले.

पण कमानीखालून कुणी गेलं नाही.
म्हणजे मांजर गेलं. शालनचा धाकटा सायकलसकट गेला.
मी गेले. मी पाच फूट एक, मला काय.

परवा रात्री, लाइट गेलेली असताना,
बागेत ठण्ण झालं.
पाइप बराच वेळ गुणगुणत राहिला.
पाऊण तासानं पुन्हा एकदा,
जरा दबकं, शिवीसकट.
मी उठून पाहिलं नाही.
सकाळी ह्यांनी पेपर नेहमीपेक्षा उंच धरला होता.
मी काही न विचारता सहाण घेतली,
आंबेहळद उगाळायला बसले,
तर कोयनेलीपलीकडून शालनची हाक:
"आंबेहळद आहे का गं तुझ्याकडं?"

बाजारात शिकलगार भेटले.
"कमान कशी आहे, वैनी? हलत नाही ना?"
हलत नाही, म्हटलं.
वाजते तेवढी.