पालथं माप

कापगते गुरुजींनी फळ्यावर लिहिलं
तीन चतुर्थांश भागिले एक अष्टमांश,
आणि खडू न थांबवता म्हणाले,
दुसरा उलटा करा, मग गुणा.
उत्तर सहा.

का उलटा, मी विचारलं.
नियम आहे.
पण भागून वाढलं कसं, गुरुजी?
आमच्या घरी पाच वाटे पडले
की भाताचा गोळा लहानच होतो.
तेव्हा म्हणाले ते,
पालथ्या घड्यावर पाणी,
आणि हसू मागच्या भिंतीपर्यंत पोचलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली तेव्हा
माय अंगणात मोहफुलं पाखडत होती,
वाळून मनुकांसारखी झालेली,
वासानं माशासुद्धा सुस्त.
सिरजा कुंभरे टोपली घेऊन उभी.
तिची उसनी पाऊण पायली फेडायची होती
आणि पायली तर गेलेली खालच्या टोल्यावर.
घरात उरलं अधपावाचं माप,
पत्र्याचा डबा कापून केलेलं, एका कडेला चेपलेलं.

"मोज व," माय म्हणाली.
"किती?"
"पायलीत कितीक बसते हे?"
आठ.
"मंग आठाचं पाऊण घाल."

भरलं, पालथं केलं. एक.
भरलं, पालथं केलं. दोन.
तिसऱ्याला हात थबकला.
मी तर भागत होते:
पाऊणात अधपाव किती वेळा.
आणि माय गुणत होती:
आठाचं पाऊण.
टोपली एकच होती.

एक वर, आठ खाली, तो वाटा माझ्या हातात.
आठ वर, एक खाली, तो मायच्या बोलण्यात.
माप पायलीकडे बघतं तेव्हा एक,
पायली मापाकडे बघते तेव्हा दुसरा.
मध्ये फक्त मनगट फिरतं,
पालथं होतं,
आणि तेवढ्यानंच मोजलं जातं.

"झोपली का व?" सिरजा म्हणाली.
चार. पाच.
सहावं सपाट करायला तळवा फिरवणार
तर मायनं हात धरला,
"उसनं हाय. शीग राहू दे."

सोमवारी उठून फळ्याजवळ जायचं ठरवलं होतं.
गेले नाही.
वहीत लिहिलं सहा,
आणि त्याच्यापुढे थोडी जागा सोडली.
गुरुजींनी लाल पेनानं तिथं गोल केला,
विचारलं, इथे काय?