आढी

जकातघराच्या दारावर सूचना मी स्वतः चिकटवली:
उन्हाळी शिबिर, 'आपला वारसा', वय आठ ते चौदा,
प्रवेश विनामूल्य. पाण्याची बाटली सोबत आणावी.
खाडीच्या वाऱ्याने दुपारपर्यंत खालची ओळ फाडून नेली.
दुसऱ्या दिवशी सात मुलं आली, तहानलेली.

संग्रहालय म्हणजे दोन खोल्या, एक पंखा,
आणि पंख्याची वेळ ठरवणारे दादू पुजारे.
कपाटांत चिनी बशांच्या कपच्या, गलबताचा खिळा,
जकातीची मापं,
एक तोफगोळा, नारळाएवढा.

पहिल्या आठवड्यात त्यांना किल्ल्यावर नेलं.
मी तटाची जाडी सांगत होते;
ती खाली बोट दाखवून
कुणाची होडी परत येतेय ते नावानिशी सांगत होती.
'बाई, तुमका लांबचा दिसता,' चैत्राली कुबल म्हणाली,
'जवळचा नाय.' मी चष्मा शोधत होते
आणि तो माझ्या डोक्यावर होता.

मग वाशीचा दर चढला.
सातांची तीन झाली, बाकीची बागेत, पेट्या भरायला.
उरलेल्या तिघांना मी बंदराच्या भरभराटीच्या स्लाइड दाखवल्या.
वीज गेली तेव्हा कुणालाच वाईट वाटलं नाही, मलाही.

वीस मेला जिल्ह्याहून पत्र:
दुरुस्तीस्तव सर्व वस्तू महिनाअखेर कोठीत हलवाव्यात.
वेष्टनाचे साहित्य येत आहे.
साहित्य येत राहिलं.

तन्वीर होडेकरने पत्र माझ्या खांद्यावरून वाचलं,
एवढंच विचारलं, 'गवात किती होया?'

सकाळी एकोणीस मुलं. तीन गोणी गवत, रिकाम्या पेट्या, हातोडी,
आणि तोंडात चार खिळे धरलेली आठ वर्षांची रेवती खवळे.
'नाजूक' म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.
गवताचा थर. मग बशीची कपची,
देठ असता तर जिथे असता ती बाजू खाली.
पुन्हा थर. कुणी मोजत नव्हतं,
पण हात डझनांत चालत होते.
या कपच्या मी आजवर हातमोजे घालून उचलल्या होत्या.
त्यांनी त्या बसवल्या.

तोफगोळा तन्वीरकडे आला.
त्याने तो दोन्ही हातांनी नाकाशी नेला,
अंगठ्याने कडेला हलकेच दाबला,
'हिरवो आसा,' म्हणाला,
आणि सात नंबरच्या पेटीत तळाला निजवला.
हसले ते फक्त पुजारे.
बाकीच्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

समारोपाला गाव आलं. कपाटं रिकामी,
फळ्यांवर धूळ न बसलेली गोल, लांबट ठिकाणं.
प्रमुख पाहुण्यांनी त्यांच्याकडेच हात करून
समृद्ध वारशावर भाषण केलं.
बायका मात्र सरळ पेट्यांकडे गेल्या.
फटीतून बोट घालून गवत चाचपलं,
एकीने पेटी हलवून कान लावला,
'बरी भरल्यानी पोरांनी.'
महिनाभरात माझ्या कामाला मिळालेला तो एकच शेरा,
आणि तोही माझ्या कामाला नव्हता.

निघताना तन्वीरने विचारलं, 'आढी परत कधी उघडूची?'
मी पत्र वाचून दाखवलं: पुढील आदेशापर्यंत.
'तोपर्यंत कुसतलो,' तो म्हणाला,
आणि सायकलवर टांग टाकून गेला.

माझं मानधन एकतीसला संपलं. मी रत्नागिरीला परतले.
परवा पुजाऱ्यांचा फोन आला, कामाचं काही नव्हतं.
दर चौथ्या दिवशी कोठी उघडतात म्हणे,
कुणी सांगितलेलं नसताना.
'सात नंबर बघितलंय,' म्हणाले. 'आसा तसोच आसा.'
थोडा वेळ लाईनवर नुसती खाडी ऐकू आली.
'पण वास येता.'