बोलता यावं, गाता येऊ नये

दवाखान्यातली प्रणोती म्हणाली, मावशी,
असं चाला की बोलता यावं
पण गाता येऊ नये.
गाणं निघालं तर समजा, पाय आळशी झालेत.
बोलणं तुटलं तर समजा, जरा जास्तच झालं.
मी म्हटलं, बाई, गाणं मी तशीही म्हणत नाही.

सत्तरीला एक कमी आहे.
मागच्या उन्हाळ्यात चाळणी समोर टांगलेली
आणि तिचं नाव अर्धा दिवस सापडेना.
सुनेला म्हटलं, ते भोकाचं दे.
ती हसली, मीही हसले,
रात्री मात्र डोळ्याला डोळा नाही.
जिला आख्ख्या सेलूचे नंबर पाठ होते,
जिनिंगचा एकशे बारा, सरकारी दवाखाना सात,
मोंढ्यातले मणियार दोनशे चार,
तिला चाळणी सापडेना.

प्रणोतीनं घड्याळ लावलं.
एका मिनिटात 'क'वरून शब्द सांगा.
कापूस, कडबा, करडई, कुलूप,
कनेक्शन,
मग बराच वेळ नुसता सेकंदकाटा.
आठ झाले. तिनं कागदावर आठ लिहिलं
आणि पेनाचं टोपण उगाच दोनदा लावलं.

तेव्हापासून कॉलेजचं मैदान, उजाडायच्या आत.
साडीखाली पोराचे जुने बूट, पुढे कापूस कोंबलेले.
सोबत मेहर, उर्दू शाळेतून रिटायर,
डाव्या गुडघ्याला पट्टा.
पहिल्या आठवड्यात दोन फेऱ्या
की बाभळीखालच्या बाकावर दोघी,
शब्द नाही, नुसतं धापणं.
पोरं क्रिकेटचे स्टंप रोवता रोवता बघायची.

चार महिन्यांनी पुन्हा 'क'.
अकरा.
प्रणोतीला कोण आनंद.
मला हिशेब लागेना,
तीन शब्दांसाठी एवढ्या फेऱ्या?

पण सातव्या फेरीला काय होतं ठाऊक नाही.
घाम मानेवरून खाली जातो
आणि नंबर वर येतात.
एका पावलाला एक आकडा.
एक, एक, दोन. दोन, शून्य, चार.
बोर्डावरची पितळी भोकं दिसतात,
कॉर्डच्या तापल्या रबराचा वास येतो.
आता कुणीच उचलणार नाही असे नंबर.
मला वाटायचं, आठवण परत आली तर
निवडून येईल, सुपातल्या तुरीसारखी.
तशी येत नाही. खडेही येतात.

दोन, एक, सात.
मेहरचं घर.
एक्याऐंशी साल, जेद्दाहून मुंबईमार्गे कॉल.
तिचे अब्बा हजला गेले होते, तिकडंच राहिले.
भाऊ सांगत होता, आणि मी लाईनवर होते.
असू नये, पण होते.
ती रडायली होती
आणि नियम तीन मिनिटांचा होता.
मी म्हटलं, वेळ संपली,
आणि कॉर्ड ओढली.

चाळीस वर्षं हिच्या हातचा शीरखुर्मा खाल्ला.
डोक्यानं हे कुठल्या कोनाड्यात ठेवलं होतं?

आज सांगितलं, चालता चालताच.
थांबले असते तर सांगता आलं नसतं.
श्वास असा की
एका वेळी चार शब्द,
मग एक पाऊल रिकामं,
मग पुन्हा चार.

ती थांबली नाही.
पट्टा वर ओढला, म्हणाली,
'तीन नै गं. छे. छे मिनट दी थी तू.
बिल तीनचं आलं.
अम्मी मरेपर्यंत तुला दुआ द्यायची.'

अर्धी फेरी कुणी बोललं नाही.
दोघींतली एक चुकीचं आठवायली होती.
कोण, हे तपासायला
प्रणोतीकडं कागद नाही.

पाण्याच्या टाकीमागं तांबडं झालं.
मेहर नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणायला लागली,
शाळेतली कुठलीशी कविता असावी.
मी म्हटलं, आपा, गाणं निघालं.
उचल पाय.
अजून दोन राहिल्यात.