फावणं

मकरपुऱ्याच्या कारखान्यात, वरच्या मजल्यावर,
एका शुक्रवारी आम्हा अकरा जणांना
'नाही' म्हणायला शिकवलं.

शिकवायला पुण्याहून परचुरे बाई आल्या होत्या.
पडद्यावर नेदरलँडचा नकाशा,
निळा समुद्र, आणि समुद्राहून खाली जमीन.
म्हणाल्या, ही माणसं आडवळण घेत नाहीत.
पंप सहा आठवड्यांत होणार नसेल
तर 'बघू' म्हणू नका, 'होऊन जाईल' म्हणू नका,
आणि मान तर हलवूच नका,
ती कुठल्या बाजूला गेली ते त्यांना कळत नाही.
'नाही' म्हणा. मग गप्प बसा.

हितेंद्र परमार उभा राहिला.
एकवीस वर्षं डिस्पॅच सांभाळतोय,
ट्रक गोदामात असला तरी
'गोल्डन चौकडी ओलांडली' सांगणारा माणूस.
त्याने घसा साफ केला, पाणी प्यायला.
म्हणाला, नो सर... बट थोडा-थोडा यस.
वोरा टेबलावर हात आपटून हसला.
मी नाही हसले. पुढची पाळी माझी.

चहाच्या सुट्टीत सेव-उसळ आली.
बाई वाटी घेऊन माझ्याशेजारी, एकदम मराठीत:
अय्या, तुम्ही मोहिते? इथल्याच?
चार पिढ्या, म्हटलं. दांडिया बाजार.
जमतं का हो, घरी एक, बाहेर एक, ऑफिसात तिसरीच भाषा?
म्हटलं, फावतं.
चमचा थांबला.
फावतं? म्हणजे वेळ मिळतो?
नाही, फावतं. म्हणजे...
नव्या चपला तिसऱ्या दिवशी चावायच्या थांबतात ना,
किंवा लग्नानंतर एका रात्री
दिवा न लावता माठापर्यंत हात जातो.
मग 'जमतं' म्हणा की, बाई म्हणाल्या.
जमणं वेगळं. ते कामाला लागतं.
हे आपल्याआपण होतं, आणि झालेलं कळतही नाही.
बाई हसल्या. गोड आहे हं तुमचं मराठी.
मी वाटी खाली ठेवली.
त्यांच्याच छापील कागदावर, चौदाव्या पानाला होतं:
समोरच्याचा शब्द बदलून देऊ नका. विचारा.
वर्गात तोवर आम्ही नवव्या पानावर होतो.

सुट्टी संपल्यावर बाई डच गिऱ्हाईक झाल्या.
सहा आठवड्यांत होईल का, मिस मोहिते?
नाही.
एसीचा आवाज. कुणाची तरी खुर्ची.
छाती अशी धडधडत होती, जणू दारात आलेल्याला
पाणी न विचारता मी कडी लावली.
परफेक्ट, बाई म्हणाल्या.

नोव्हेंबरात खराखुरा हेंक आला.
उंच, कानापर्यंत लाल, ढोकळा हाताने खाणारा.
त्यानेही तेच विचारलं. मी 'नाही' म्हटलं, गप्प बसले.
त्याने वहीत सहा खोडून आठ केले,
पेनाला टोपण लावलं.
एवढंच? हितेंद्र मला बाहेर विचारत होता.
एवढंच रे.

संध्याकाळी हॉटेलवर सोडताना
विश्वामित्रीच्या पुलावर गाडी अडकली.
खाली काय आहे, म्हणाला.
मगरी.
इथे? शहरात?
पूर आला की सोसायटीच्या पार्किंगपर्यंत येतात,
माणसं येतात, दोरीने बांधून परत सोडतात.
तो पाण्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, माझं घर समुद्राहून दोन मीटर खाली आहे.
मी विचारलं, भीती नाही वाटत?
म्हणाला, तुम्हाला?

माझ्याकडे त्यासाठी नेमका शब्द होता,
पण तो इंग्रजीत न्यायला गेले
तर वाटेत त्याचं काहीतरी दुसरंच व्हायला लागलं.
म्हणून मी तो तसाच म्हटला, मराठीत की गुजरातीत कोण जाणे.
फावतं.
हेंकने मान हलवली.
कुठल्या बाजूला गेली, मला कळलं नाही.