मपलं, तुपलं

लातुरात क्लास म्हटलं की शिकवणीच.
जिन्याखाली चपलांचा ढीग,
फळ्यावर बेंझिनचं कडं,
एका बाकावर चौघी.
दोन वर्षं मी त्या क्लासात होते,
दोन्ही वर्षं नंबर लागला नाही.

म्हणून तबस्सुम म्हणाली, "आधी एक क्लास लिही,"
तेव्हा पोटात गोळाच आला.

हा क्लास वेगळा, म्हणे.
नुसता आराखडा. त्यातून निघतो तो नग.
आणि नगाच्या खिशात असतं ते त्याचं स्वतःचं,
नावाआधी ॲटचं वेटोळं असतं त्याची खूण.
एवढं सांगून ती रात्रपाळीला गेली.
मी मान हलवली होती.
फिजिक्सलाही अशीच हलवायचे.

करत होते मन्मथअप्पांच्या खानावळीसाठी,
उधारी फिटेल म्हणून.
एका पानावर पोरीनं नाव टाकायचं,
पुढच्या पानानं म्हणायचं:
अमुक ताई, तुमचा डबा तयार आहे.
नाव टाकलं. पुढचं पान उघडलं.

        ताई, तुमचा डबा तयार आहे.

अलीकडं कुणीच नाही.
ठेवलं होतं ना मी? वेटोळ्यासकट?
चार वेळा टाकलं. चार वेळा
तीच बिननावाची ताई.

रागानं आणखी एक वेटोळं जोडलं.
आता टिकलं.
असं टिकलं, की शुक्रवारी
एकशे बारा डबे निघाले
सगळ्यांत शेवटी नाव टाकणाऱ्या
अयोध्या भंडारेच्या नावानं.
तिला एकच हवा होता,
तोही बिनकांद्याचा.

अप्पा रागावले नाहीत.
खिडकीतून नेहमीसारखं विचारलं,
"कोण गं तू?"
"अप्पा, दोन वर्षं जेवते इथं."
"लेकरा, दोनशे तोंडं येतात.
खिडकी लावली की मपली पाटी कोरी.
वहीत हाय तेवढंच खरं."

मपली.
फळ्याजवळ उभं करून सर एकदा हसले होते,
मपलं नाही गं, माझं म्हण.
तेव्हापासून मी ते घरी फोनवरच बोलते,
आईशी, तेही दार लावून.

वरणाचा डबा हातात गार होत गेला.
म्हणजे प्रत्येक खेपेला खिडकी उघडते
तेव्हा आत नवाच अप्पा बसलेला असतो,
तीच टोपी, तोच चष्मा,
खिसा मात्र रिकामा.
पहिल्या पानाच्या अप्पाला मी नाव सांगितलं.
त्यानं ते खिशात घातलं, पान दाखवलं,
आणि उठून गेला खिशासकट.
दुसऱ्याला कुठून ठाऊक असणार?
आणि दुसरं वेटोळं घातलं तेव्हा
मी नाव खिशात नाही,
खिडकीवरच्या पाटीवर लिहिलं होतं,
येईल तिनं पुसून आपलं लिहावं असं.

रात्री कोडच्या वर टीप लिहिली,
मशीन वाचत नाही अशा ओळीत:
एक वेटोळं, मपलं.
दोन वेटोळी, समद्यांचं.
उद्याला लागणारं, वहीत.

तबस्सुमनं सकाळी वाचलं.
ती उदगीरची, तिला अर्थ सांगावा लागला नाही.
फक्त म्हणाली, दोन वेटोळी काढून टाक आधी.

काढली. वही जोडली.
अयोध्याला तिचा डबा मिळाला.
मी माझं नाव टाकून पाहिलं,
पुढचं पान उघडलं,
आणि नावाखाली, अप्पांनी न चुकता उतरवलेली,
मपली तीन महिन्यांची बाकी.