वेस हुडकताना

साडेपाच तास होते परतीच्या गाडीला.
पिशवीत पाण्याची बाटली आणि एक कागद,
त्यावर मीच घातलेले नऊ आकडे,
मीच काढलेले बाण.
वाटाड्या नको म्हटलं. आपल्याच गावात कसला वाटाड्या.

आपलं म्हणजे, सहावीपर्यंत.

एक नंबर, भुईकोट.
खिडकीतला माणूस म्हणाला, "एकच?"
आणि माझ्या खांद्यामागे पाहत राहिला, कुणी येतंय का.
आत बुरुजावर पोपट, खंदकात गवत,
तटात कुठल्याशा देवळाचा दगड उलटा बसवलेला:
नर्तकीचे पाय वर, घुंगरांसकट.
शाळेच्या सहलीत बाईंनी तिच्याबद्दल सांगितलं असेल काही.
मला आठवते डब्यातली शेंगाचटणी
आणि तिचं तेल झिरपून नकाशावहीवर पडलेला डाग,
साधारण सोलापूरच्याच जागी.

दोन नंबर, विजापूर वेस.
रस्ता दोनदा ओलांडला, एकदा उगाच.
चपला, अत्तरं, कुलपं, केळ्यांचा गाडा.
कमान नाही, दार नाही, दाराची खूणही नाही.
गाडेवाल्यानं थोडा वेळ पाहून घेतलं, मग
"काय हुडकायलाव ओ?"
वेस, म्हटलं.
"वेशीतच हुबारलाव की."
मी खाली पाहिलं.
एका केळ्याचं साल, माझी चप्पल, आणि डांबर.
दोन केळी घेतली. आत आले की बाहेर पडले
ते विचारायचं राहिलं.

तीन नंबरला जाताना चुकले.
बोळ, बोळातून बोळ, विड्यांच्या पानांचा वास,
उंबऱ्यावर सुपं घेऊन बसलेल्या बायका
तेलुगूत बोलता बोलता माझ्यासाठी थांबल्या,
मी गेल्यावर पुन्हा सुरू.
एका गॅरेजच्या मागं, टायरांच्या राशीशेजारी
पलंगाएवढं देऊळ, आणि एक म्हातारी
लिंगावर तेल घालत होती, वाटी तिरपी करून, हिशेबानं.
अडुसष्टातलं का हे?
मान हलली.
कितवं?
"नलवत्तोंदु."
एक्केचाळीस. बोटांवर करून पाहिलं.
आठशे वर्षं झाली म्हणतात ही फेरी आखून,
बाण नाहीत, फळ्या नाहीत, लोक चालतायत.
माझा कागद तिला दाखवला.
तिनं तो तेलकट बोटांनी उलटा धरून पाहिला,
नीट घडी घालून परत दिला,
आणि कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली
त्यातलं मला फक्त ऊन समजलं.

रिक्षावाला ओरडत होता, "जुनी मिल, जुनी मिल, जुनी मिल!"
पाच नंबर. बसले.
मिल नाही. थांबा आहे.
लोक उतरतात, पैसे देतात,
नसलेल्या मिलकडे कुणी मान वर करून बघत नाही.

कोपऱ्यावर न्हाव्याचं दुकान, खुर्ची एक, आरसा पाऱ्यानं सोडलेला.
सावलीसाठी थांबले तर आतून ओरडा आला,
"बस की आत!"
दचकले. रागावलाय की काय.
मग रिकाम्या खुर्चीकडे पाहून तसाच ओरडला, "ऊन लई हाय!"
आणि पोराला, "च्या सांग!"
पोरगं हसून म्हणालं, "रागावू नका,
आजोबांची सगळी गिऱ्हाईकं सांचा खात्यातली.
हळू बोललेलं कुणाला ऐकूच जायचं नाही.
आता गिऱ्हाईकं नाहीत, आवाज राहिला."

अप्पा.
नाशिकच्या दोन खोल्यांत मीठ मागताना
शेजाऱ्यांना वाटायचं भांडण चाललंय.
मी किती वेळा म्हटलं असेल, अप्पा, हळू.
दवाखान्यात म्हटलं. फोनवर म्हटलं.
माझ्या साखरपुड्यात सगळ्यांसमोर म्हटलं,
तेव्हापासून ते माणसांत बोलायचेच नाहीत फारसं.

"कुणाची गं तू?" म्हातारा ओरडला.
मी सांगितलं.
त्यानं कानामागं हात धरला.
पुन्हा सांगितलं. नुसताच हसला.
सहा ते नऊ नंबर कागदावर तसेच होते,
चहा आला होता,
घड्याळात अजून सव्वा तास.

खुर्चीचा दांडा धरून
सगळे साचे एकदम चालू असल्यासारखी मी ओरडले:
"सांबय्या येलदींची!"
थांब्यावरची माणसं वळली.
म्हाताऱ्यानं कात्री खाली ठेवली,
म्हणाला, ओरडूनच म्हणाला,
"मग हळू कशाला बोलायलीस?"