न बोललं जाणारं अक्षर

पहाटे तीन. तोर्शाव्हनच्या धक्क्यावर
बोटींचं वेळापत्रक नव्या सर्व्हरवर उतरलं,
आणि गावांच्या नावांत
प्रश्नचिन्हं उगवली.

रानवा लॉग चाळते. परवानग्या ठीक,
पोर्ट उघडं, पासवर्ड जुनाच.
सर्व्हर म्हणतो, माझं काहीच चुकलेलं नाही.

ह्याल्ग्रीम, पस्तीस वर्षं तिकिटं फाडणारा,
चष्मा कपाळावर सारून वाकतो:
"हे अक्षर तर आम्ही बोलतच नाही, पोरी.
नुसतं लिहितो."

ती थांबते.
गाठोडं बांधताना एक एन्कोडिंग,
सोडताना दुसरं.
एक ओळ बदलली. रिस्टार्ट.

अक्षर परतलं. गप्प,
आपापल्या गावात.

साडेसहाची बोट वेळेवर सुटली.
टेबलाखाली जुनं मशीन
अजून कोमट होतं;
त्याची वायर
तिनं आज काढली नाही.